प्रतिभेचा घरखर्च

ग्रंथाच्या आरंभी ऋणनिर्देशाचे एक पान असते. सामान्य वाचक ते उलटून पुढे जातो. आम्हा प्राध्यापक मंडळींना मात्र ते वाचण्याची खोड असते. कोणी कोणाचे आभार मानले आणि कोणाचे मानावयाचे राहून गेले, यावरून विद्यापीठीय जगातील बऱ्याच गोष्टी उमगतात. या पानाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, मग ग्रंथपाल, मग स्नेही, आणि सर्वांत शेवटी, बहुधा एकाच वाक्यात, पत्नी. तिच्या सहकार्यावाचून हे कार्य सिद्धीस गेले नसते, असे लेखक नम्रपणे नमूद करतो. सहकार्य म्हणजे नेमके काय, ते किती तासांचे आणि किती वर्षांचे, त्यासाठी तिने स्वतःचे काय बाजूला ठेवले, याचा तपशील त्या वाक्यात नसतो. कर्जाची कबुली असते. रकमेचा रकाना कोरा असतो.

या कोऱ्या रकान्याची आठवण व्हावी असा एक माहितीपट अलीकडे पाहण्यात आला. आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने तो दाखविला. त्याचे नाव 'क्यूटी अँड द बॉक्सर'. झॅकरी हाइन्झरलिंग या तरुण अमेरिकन दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. २०१३ साली सनडान्स महोत्सवात त्याला माहितीपट विभागातील दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी ऑस्करसाठी त्याचे नामांकनही झाले होते. सुमारे पाच वर्षे हा दिग्दर्शक न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणाऱ्या एका जपानी चित्रकार दांपत्याच्या घरी जात-येत राहिला आणि त्यांचे जगणे टिपत राहिला. त्यातून जे हाती आले ते अवघ्या ८२ मिनिटांचे आहे. परंतु चाळीस वर्षांच्या संसाराचा गाळीव अर्क त्यात उतरला आहे.

कीर्ती आली, पैसा आला नाही

पतीचे नाव उशिओ शिनोहारा. जन्म १९३२ सालचा, टोकियोचा. वडील कवी आणि आई पारंपरिक जपानी शैलीची चित्रकार, अशा घरात ते वाढले. टोकियोच्या नामांकित कलाविद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला, पण पदवी न घेताच ते बाहेर पडले. १९६० साली जपान अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा करारावरून पेटला होता. त्याच वर्षी टोकियोतील काही बंडखोर तरुणांनी 'निओ-दादा' नावाचा गट स्थापन केला. अकासेगावा, योशिमुरा, अराकावा यांच्या जोडीला शिनोहारा त्यात अग्रभागी होते. मुष्टियोद्ध्याचे हातमोजे घालून, त्यांना बांधलेले स्पंज रंगात बुडवून, समोरच्या प्रचंड कॅनव्हासवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोसे मारीत जायचे, ही त्यांची चित्रपद्धती. दोन-तीन मिनिटांत चित्र पूर्ण! विल्यम क्लाइन या छायाचित्रकाराने १९६१ साली त्यांची ही मुष्टिचित्रकला टिपली आणि शिनोहारांचे नाव जपानबाहेर गेले.

१९६९ साली जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या निधीची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला आले आणि तेथेच राहिले. रस्त्यावर सापडलेले पुठ्ठे आणि टाकाऊ वस्तू यांपासून त्यांनी अजस्र मोटारसायकली रचल्या. समीक्षकांनी वाहवा केली, संग्रहालयांनी दखल घेतली. परंतु कलाकृती विकल्या जात नव्हत्या. चित्रपट सुरू होतो तो त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, आणि त्या मंगल दिवसाच्या आसपासही घरात चर्चा आहे ती थकलेल्या भाड्याची.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते, की काही व्यवसायांत गुणवत्तेतील किंचित फरकामुळे प्राप्तीत प्रचंड फरक पडतो. शिखरावरचे मोजके लोक जवळजवळ सारी बाजारपेठ व्यापतात, आणि त्यांच्याहून यत्किंचित खाली असलेल्यांच्या वाट्याला लौकिक येतो, उत्पन्न येत नाही. कलेचा बाजार हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात शिनोहारांची अडचण दुहेरी. भिंतभर पसरलेले ठोशांचे चित्र वा खोलीभर मावणारी पुठ्ठ्याची मोटारसायकल घेऊन मध्यमवर्गीय रसिक ती ठेवणार कोठे? ग्राहक म्हणजे संग्रहालय किंवा धनाढ्य संग्राहक. माहितीपटात गुगेनहाइम संग्रहालयाच्या अभ्यासक घरी येऊन चित्रे पाहतात, तेव्हा पतिपत्नींच्या चेहऱ्यावर जी आशा दिसते ती कर्जमंजुरीची वाट पाहणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला ओळखीची वाटेल. दुसऱ्या एका प्रसंगी शिनोहारा आपले शिल्प प्रवासी पेटीत भरून जपानला नेतात आणि विक्रीतून आलेली थोडी रोकड घेऊन परततात. ऐंशी वर्षांचा कीर्तिमान कलावंत फिरत्या विक्रेत्यासारखा पेटी ओढीत चाललेला पाहताना हसावे की हळहळावे हे कळत नाही.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो. चाळीस वर्षे कला विकली गेली नाही, तरीही ती निर्माण होत राहिली. घर चालले, मूल वाढले, रंग आणि कॅनव्हास येत राहिले. मग हा तोटा भरून कोणी काढला?

ताळेबंदाबाहेरची नोंद

त्याचे उत्तर नोरिको हे आहे. १९५३ साली जन्मलेल्या नोरिकोबाई तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावच्या, सुस्थितीतील घरच्या. चित्रकला शिकण्यासाठी १९७२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्या न्यूयॉर्कला आल्या. सहा महिन्यांतच शिनोहारांशी त्यांची गाठ पडली. ते वयाने त्यांच्याहून एकवीस वर्षांनी मोठे, नावाजलेले, आणि खिशाने रिकामे. शिक्षणासाठी माहेरहून येणारे पैसे शिनोहारांच्या भाड्यात जाऊ लागले. घरच्यांना सारा प्रकार कळला तेव्हा तो ओघ आटला. १९७४ साली मुलगा झाला. शिकायला आलेली मुलगी दोन वर्षांत आई, गृहिणी, स्वयंपाकीण, चिटणीस आणि पतीच्या चित्रशाळेतील मदतनीस झाली. तिचे स्वतःचे चित्र काढणे कोणी बंद पाडले नाही. त्याला वेळ उरला नाही, इतकेच.

त्यात दारूची भर. माहितीपटात जुन्या काळी झालेल्या चित्रणाचे काही तुकडे वापरले आहेत. मित्रांच्या बैठकीत तर्र झालेले शिनोहारा बरळतात, मोठमोठ्याने रडतात. आणि नोरिकोबाई तेथेच, त्या गोंगाटात, मूल आणि घर सांभाळीत आहेत. ते चित्रण पाहताना आमच्या सभागृहात, जेथे एरवी शेवटच्या रांगेत कुजबुज चालते, तेथे पूर्ण शांतता होती. पुढे शिनोहारांची दारू सुटली. परंतु मुलगा मोठा होऊन त्याच व्यसनाशी झगडताना चित्रपटात दिसतो. बापाच्या बैठकीचा खर्च पुढच्या पिढीच्या खात्यावरही पडला, याहून अधिक काही दिग्दर्शकाला सांगावे लागत नाही.

शिनोहारा एके ठिकाणी हसत हसत बोलून जातात, की दोघांपैकी जो सामान्य असेल त्याने प्रतिभावंताला आधार द्यायचा असतो. विनोदाचा आव आहे. पण तो केवळ विनोद नाही, हे त्यांना ठाऊक आहे, नोरिकोबाईंना ठाऊक आहे आणि प्रेक्षकालाही ठाऊक आहे. आमच्या शास्त्राला तरी शिनोहारांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आहे काय? गॅरी बेकर यांनी १९८१ साली कुटुंबाच्या अर्थशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यात श्रमविभागणीचे तत्त्व घराला लावलेले आहे. बाजारात ज्याची कमाई अधिक होईल त्याने बाजारात काम करावे, दुसऱ्याने घरात करावे, म्हणजे एकूण लाभ वाढतो. युक्तिवाद रेखीव आहे. पण शिनोहारांच्या घरी तो लावून पाहावा. येथे बाजारात जाणाऱ्याची कमाई नगण्य होती. तरीही घरकाम दुसऱ्याच्याच वाट्याला आले. म्हणजे वाटणी मिळकतीवरून ठरली नव्हती. प्रतिभा कोणाची आणि सेवा कोणाची, हे गणित मांडण्यापूर्वीच ठरून गेले होते.

पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली 'कल्याणाचे अर्थशास्त्र' या ग्रंथात एक विसंगती नोंदविली होती. वर्गात ती सांगितली की मुले हमखास हसतात. एखाद्या गृहस्थाने पगार देऊन ठेवलेल्या स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर राष्ट्रीय उत्पन्न घटते! काम तेच, हात तेच, चूलही तीच. केवळ पगार थांबला म्हणून हिशेबनिसाच्या लेखी ते काम नाहीसे झाले. शंभर वर्षे उलटली, तरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे व वृद्धांचे संगोपन या घरच्या घरी केलेल्या विनामोबदला सेवांना आजही स्थान नाही. आपल्याकडे २०१९ साली झालेल्या कालवापर पाहणीत असे आढळले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे. आणि असे पुरुष किती? दर शंभरांत सुमारे सव्वीस! ब्रुकलिनच्या त्या घरात नोरिकोबाईंची जी मिनिटे गेली त्यांची जातकुळी याहून वेगळी नव्हती.

'क्यूटी' बोलू लागते

एवढ्यावरच चित्रपट संपता, तर ती एका सोशिक बाईची कहाणी झाली असती. अशा कहाण्यांची आपल्याला सवय आहे. आपण त्या ऐकतो, उसासा टाकतो आणि चहा मागवितो. परंतु नोरिकोबाईंनी काही वेगळेच केले. वयाची पन्नाशी उलटल्यावर त्यांनी आपल्या संसारावर चित्रमालिका काढावयास घेतली. तिच्यात दोन वेण्यांची, विवस्त्र, चिवट अशी एक नायिका आहे; तिचे नाव क्यूटी. तिचा पती बुली, म्हणजे दांडगेश्वर. क्यूटीचे न्यूयॉर्कला येणे, भुलणे, पैसे देऊन बसणे, गर्भार राहणे, दारुड्यांच्या पंगती उठविणे, सारे त्या चित्रांत आहे. माहितीपटात ही रेखाचित्रे मधूनमधून हलू-बोलू लागतात, आणि वास्तवातील प्रसंगाला जणू दुसरी बाजू मिळते. चित्रांतल्या क्यूटीला बुलीला वठणीवर आणणे जमते. घरातला बुली तितका सहज वठणीवर येत नाही, हे नोरिकोबाई मिस्कीलपणे मान्य करतात.

ही चित्रे आधी दुर्लक्षिली जातात आणि मग हळूहळू नजरेत भरतात. दोघांचे एकत्र प्रदर्शन ठरते. कलादालनात नोरिकोबाईंना स्वतःची जागा मिळते, आणि त्या भिंतीवरच क्यूटीची कथा रंगवितात. शिनोहारांची त्या वेळची अवस्था पाहण्यासारखी आहे. कौतुक आहे, कुतूहल आहे, आणि कोठेतरी कुरकुरही आहे. आजवर प्रेक्षक एकाच चित्रकाराला भेटायला येत असत. आता ते दुसऱ्या भिंतीपाशीही थांबतात. चाळीस वर्षे मदतनीस म्हणून वावरलेली व्यक्ती सहकारी झाली, की मालकाला होणारा हा अस्वस्थपणा कोणत्याही कार्यालयात वावरलेल्या वाचकाला नवा वाटू नये.

शिनोहारांना खलनायक ठरविणे सोपे आहे. दिग्दर्शकाने ते टाळले, आणि ते योग्यच केले. हा मनुष्य ऐषारामात राहिला आणि पत्नीला राबविले, असे घडलेले नाही. दारिद्र्य दोघांनीही भोगले. ऐंशीव्या वर्षी उघड्या अंगाने कॅनव्हासवर ठोसे मारताना त्याच्या शरीरात जो जोम संचारतो तो खोटा नाही. त्या दोघांच्या भांडणातही मुरलेल्या लोणच्यासारखी एक आपुलकी आहे. एकमेकांना बोचकारल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही, आणि एकमेकांशिवायही जात नाही. नोरिकोबाई आपल्या सहजीवनाला एकाच कुंडीतील दोन फुलझाडांची उपमा देतात: दोघांना पुरेसे पोषण मिळेलच असे नाही, पण जमून आले तर दोन्ही फुलतात. उपमा सुरेख आहे. मात्र कुंडीतली बहुतेक माती चाळीस वर्षे कोणत्या झाडाने घेतली, हेही आपण विसरता कामा नये.

ती निघून का गेली नाही?

चित्रपट संपल्यावर चर्चा झाली. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, ती निघून का नाही गेली?" मागे बसलेल्या, निवृत्तीला आलेल्या एका कार्यालयीन सहकाऱ्यांनी माझ्याआधीच उत्तर दिले, "पोरी, जायचं कुठे, ते आधी ठरावं लागतं." मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते, आणि ते होऊही नये.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, माणूस जे निवडतो तेच त्याला हवे असते असे गृहीत धरण्याची आम्हाला सवय आहे. नोरिकोबाई राहिल्या, त्याअर्थी त्यांना राहावयाचे होते. परंतु कोवळ्या वयात, परक्या देशात, माहेरचा पैसा बंद झालेला आणि पदरात मूल, अशा स्थितीत केलेल्या निवडीला निवड हा शब्द किती शोभतो? आणि एकदा दहा वर्षे खर्ची पडली, की अकराव्या वर्षी उठून जाणे अधिकच कठीण होते. पुस्तकात आम्ही शिकवितो, की बुडालेल्या खर्चाचा विचार पुढच्या निर्णयात करू नये. संसारात हा नियम पाळलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दुसरा आक्षेप एका विद्यार्थ्याचा होता, आणि तो अधिक वजनदार होता. तो म्हणाला, त्रास झाला म्हणूनच तर ही चित्रे निर्माण झाली. तो नसता तर क्यूटी जन्मलीच नसती. स्वतः नोरिकोबाईंचाही सूर साधारण असाच आहे. भोगलेल्या हालांवाचून आपली कला या ठिकाणी पोहोचली नसती, असे त्यांना वाटते. त्यांच्या आयुष्यावर त्यांचा निकाल अंतिम मानला पाहिजे. परंतु त्यावरून सर्वसाधारण नियम काढता येणार नाही. युद्धातून परत आलेल्या विमानांचीच छिद्रे मोजून चिलखत कोठे बसवावे हे ठरविले, तर पडलेल्या विमानांचा हिशेब राहून जातो, हा संख्याशास्त्रातील प्रसिद्ध धडा आहे. नोरिकोबाई आपल्याला दिसतात, कारण त्या परत आल्या. ज्यांच्या वेण्या पिकल्या पण ज्यांची क्यूटी कागदावर उतरलीच नाही, अशा किती जणींवर माहितीपट निघाले आहेत?

परत आलेल्यांतही उशीर हा ठरलेलाच. जॅक्सन पोलॉक आणि ली क्रॅस्नर या अमेरिकन चित्रकार दांपत्याचे उदाहरण पाहावे. १९४५ साली त्यांचा विवाह झाला. लाँग आयलंडवरील त्यांच्या घरी पोलॉक धान्याच्या प्रशस्त कोठारात चित्रे काढीत, आणि क्रॅस्नर घरातल्या लहानशा निजण्याच्या खोलीत. १९५६ साली, मद्यधुंद अवस्थेत मोटार चालविताना झालेल्या अपघातात पोलॉक गेले. त्यानंतर क्रॅस्नर त्या कोठारात काम करू लागल्या, आणि त्यांचे कॅनव्हास एकाएकी मोठे झाले. प्रतिभा तीच होती, वाढली होती ती जागा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या समग्र चित्रांचे प्रदर्शन भरले ते १९८४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी.

आपल्या भाषेतील साक्षी

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. उलट अशा साक्षींची आपल्याकडे एक थोर परंपराच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. कवी नारायण वामन टिळकांसारख्या मनस्वी, उदार आणि संसाराच्या दृष्टीने सर्वस्वी बेभरवशाच्या पुरुषाबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे त्यांनी रडगाणे न गाता, हसत हसत लिहून ठेवले. अर्धशतकाहून अधिक काळाने, १९९० साली, सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' आले, आणि महाराष्ट्राच्या लाडक्या लेखकाच्या घरातील व्यवस्था, शिस्त आणि एकाकीपणा यांची दुसरी बाजू वाचून अनेकांना धक्का बसला. कित्येकांना रागही आला. या दोन्ही दांपत्यांची शिनोहारांशी तुलना करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. माणसे वेगळी, काळ वेगळा, संस्कार वेगळे. साम्य एवढेच, की तिन्ही ठिकाणी हिशेब उशिरा मांडला गेला, तो स्त्रीनेच मांडला, आणि तो मांडला जाताच ती स्वतः किती समर्थ कलावंत आहे हे लोकांच्या लक्षात आले. तोवर ती कोणाची तरी पत्नी होती.

वाचकांना आलेला तो राग मला महत्त्वाचा वाटतो. आपण कलावंतावर प्रेम करतो ते फुकटात करतो. त्याच्या व्यसनाचे, विक्षिप्तपणाचे, बेफिकिरीचे किस्से आपण आवडीने सांगतो, कारण त्या किश्शांचे भाडे आपल्याला भरावे लागत नाही. ज्या व्यक्तीने ते भरले तिने पावती दाखविली, की आपल्याला ती अरसिक वाटते. प्रतिभावंताचा घरखर्च समाजाने उचलला नाही, सरकारने उचलला नाही, बाजाराने उचलला नाही. तो एका व्यक्तीने उचलला, आणि तिने त्याविषयी बोलू नये अशी आपली अपेक्षा!

घरचा हिशेब

त्या रात्री घरी आल्यावर माझा एम.फिल.चा प्रबंध कपाटातून काढला. विषय होता जिल्ह्यातील सहकारी पतसंस्थांचा. ऋणनिर्देशाचे पान उघडले. अपेक्षेप्रमाणे शेवटची ओळ पत्नीची होती. ती वाचताना आठवले, की त्या सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्यांची सारी तक्तेमांडणी तिने केली होती, रात्री जागून, मुलाला मांडीवर घेऊन. आणि त्याच दोन वर्षांत तिने स्वतःची एम.ए.ची परीक्षा दोनदा पुढे ढकलली, ती कायमचीच. मी काही प्रतिभावंत नव्हे. पण मोठ्या कलावंताच्या घरी जे घडते तेच लहान प्रमाणावर साध्या अधिव्याख्यात्याच्या घरीही घडते, आणि त्यासाठी प्रतिभेची सबबसुद्धा लागत नाही. मी तिला ते पान दाखविले. ती म्हणाली, "अहो, निदान एक ओळ तरी लिहिलीत. पुष्कळजण तेवढीही लिहीत नाहीत." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मनाला लागले.

आता आमच्याकडे संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. त्या दोन तासांत पत्नी पुस्तके घेऊन बसते. परीक्षेचा अर्ज भरणार काय, हे मी विचारलेले नाही. पोळ्या अद्याप गोल होत नाहीत. यात फुशारकी मारण्याजोगे काही नाही. थकलेल्या रकमेपुढे हा हप्ता फारच किरकोळ आहे.

माहितीपटाच्या शेवटी पतिपत्नी दोघेही हातमोजे चढवितात आणि रंगात बुडवलेल्या मुठींनी एकमेकांना ठोसे लगावतात. सभागृहात हशा पिकला. मलाही हसू आले. पण मनात आले, की चाळीस वर्षांत दुसरी हातमोज्यांची जोडी घरात आली ती आत्ता. कलावंतांच्या मदतीसाठी निधी असावेत, शिष्यवृत्त्या असाव्यात, स्वस्त भाड्याच्या चित्रशाळा असाव्यात, याविषयी दुमत नाही. परंतु अशी कोणतीही मदत देताना एक प्रश्न विचारण्याची प्रथा पडावी: या घरात आणखी कोणी चित्र काढते काय, लिहिते काय, गाते काय, आणि त्यासाठी तिला टेबल कोठे आहे? समाजाने हा प्रश्न विचारला, तर आमच्या मंडळातील त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर देणे थोडे सोपे होईल. आणि ज्यांच्या हातून यापुढे ऋणनिर्देशाचे पान लिहिले जाणार आहे, त्यांनी शेवटच्या ओळीत आभार अवश्य मानावेत. पण जमल्यास ऋण किती होते, तेही लिहावे.